विदर्भ, ऋषिक, मूलक : बुलढाणा जिल्ह्यातील प्राचीन जनपदसीमांचा प्रश्न

प्राचीन दक्षिणापथाच्या कोणत्याही नकाशात आजच्या बुलढाणा जिल्ह्याच्या जागी एक ठळक रेषा आढळते. तिच्या पूर्वेस ‘विदर्भ’, पश्चिमेस ‘ऋषिक’ आणि नैर्ऋत्येस ‘मूलक’ अशी अक्षरे छापलेली असतात. विद्यार्थी ती रेषा पाहतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि पुढे जातो. ही रेषा कोणी काढली, कोणत्या पुराव्यावरून काढली आणि ती मेहकरच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात ते विचारावयाचे आहेत. त्यांची निर्णायक उत्तरे देण्याचा दावा येथे नाही. परंतु कोणता पुरावा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, एवढा विवेक झाला तरी पुढील संशोधनाची दिशा बदलेल असे वाटते.

असा प्रश्न केवळ आपल्याकडेच पडला आहे असे नाही. ब्रिटनमध्ये रोमनपूर्व टोळ्यांच्या सीमा आणि त्यांची बळकट ठाणी शोधण्याचा उद्योग फार काळ चालला आहे, आणि त्यांच्याजवळची साधने आपल्याहून पुष्कळ अंशी बरी आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने ब्रिटनमधील लोकसमूहांची नावे त्यांच्या नगरांसह नोंदविली. रोमन प्रशासनाने टोळीगणिक एक नगर हे तत्त्व बहुतेक ठिकाणी पाळल्याने नगरांच्या नावांतच टोळ्यांची नावे टिकून राहिली. त्याशिवाय काही टोळ्यांची स्वतःची नाणी होती आणि ती कोठे किती सापडतात याचे नकाशे करता येतात. इतके असूनही तेथील विद्वानांस आज टोळ्यांच्या सीमा रेषेने दाखविणे धोक्याचे वाटते. नाणे व्यापाऱ्याच्या कमरेला बांधून सीमा ओलांडते. शिवाय रोमनांनी आखलेला विभाग हा त्यांच्या कारभाराच्या सोयीचा होता. तो जुन्या टोळीच्या मुलखाशी जुळत असेलच असे नाही.

यासंबंधी एक उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांस विशेष उद्बोधक व्हावे, कारण त्यातील मुख्य व्यक्ती आपल्या परिचयाची आहे. १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असलेले सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९५१-५२ मध्ये उत्तर इंग्लंडमधील स्टॅनविक येथील विस्तीर्ण तटबंदीचे उत्खनन केले. ब्रिगांटेस टोळीतील व्हेनुशियस नावाच्या रोमविरोधी नायकाची कथा टॅसिटसने लिहून ठेवली आहे. ती कथा व्हीलर यांनी तटबंदीच्या थरांशी जुळविली आणि त्या नायकाने रोमनांशी लढण्यासाठी टप्प्याटप्प्याने बांधलेले हे ठाणे होय, असा निष्कर्ष काढला. निष्कर्ष अत्यंत आकर्षक होता. पुढे १९८०च्या दशकात कॉलिन हॅझेलग्रोव्ह यांच्या उत्खननातून वसाहतीचा बराचसा भाग त्या लढ्याच्या आधीचा असल्याचे दिसून आले, आणि तेथे रोमशी मैत्री राखणाऱ्या राणी कार्टिमांडुआचे केंद्र असावे हा पक्ष बळावला. स्थळ तेच, तट तेच. मात्र ग्रंथातील कथा आधी घेतली आणि मातीचे थर तिच्यामागे चालविले, म्हणून घोटाळा झाला. आपल्याकडे तर ग्रंथ अधिक आणि थर कमी आहेत, म्हणजे हा मोह अधिकच.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. प्रथम एक व्याकरणाची गोष्ट लक्षात घ्यावी. संस्कृतात देशनामे बहुधा बहुवचनी येतात, आणि जनसमूहाचेच नाव त्याच्या वस्तीच्या प्रदेशास लागते हे पाणिनीने नियमच करून सांगितले आहे. म्हणजे ‘विदर्भ’ हे आधी लोकांचे नाव आणि मग भूमीचे. लोक सरकले की नावही सरकते. अशोकाच्या शिलालेखांत भोज, पितिनिक, रठिक अशी नावे येतात तीही लोकांची. त्यांच्या मुलखाच्या मर्यादा तेथे सांगितलेल्या नाहीत. ‘अश्मकांची सीमा कोठे होती?’ असे आपण विचारतो तेव्हा ‘कोणत्या शतकात?’ हा उपप्रश्न न विचारल्यास उत्तरास काहीच अर्थ राहत नाही.

याद्यांच्या रूपाने आलेला पुरावा सर्वांत मोठा. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णीच्या सत्तेखालील प्रदेशांत असिक, असक, मूळक, सुरठ, कुकुर, अपरान्त, अनूप, विदभ आणि आकरावन्ती अशी नावे आहेत. असिक (ऋषिक) आणि असक (अश्मक) ही दोन्ही नावे शेजारीशेजारी पण वेगळी आली आहेत, ही त्यातील मोलाची गोष्ट. दोघांना एक मानणाऱ्यांचे मत यामुळे टिकत नाही. मात्र नावांच्या क्रमावरून शेजार ठरविणे धाडसाचे होईल. असिक, असक, मूळक हा गट सलग मुलखाचा दिसतो खरा, परंतु विदर्भ हा त्या गटाला लागून न येता अनूप व आकरावन्ती यांच्यामध्ये येतो. रामायणातील किष्किंधाकांडात विदर्भ आणि ऋषिक एकापाठोपाठ येतात. दंडीच्या दशकुमारचरितातील विश्रुतकथेत विदर्भराजाच्या मांडलिकांत अश्मक, ऋषिक, मुरल, नासिक्य, कुंतल यांचे अधिपती येतात, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्या कथेत वत्सगुल्मच्या वाकाटकांच्या अंतकाळाची छाया पाहिली. मिराशी यांनीच ऋषिक म्हणजे खानदेश हे समीकरण पुढे मांडले आणि ते सामान्यतः मान्य झाले आहे. हे सर्व जमेस धरूनही हाती काय लागते? विदर्भ आणि ऋषिक एकमेकांचे शेजारी होते, एवढेच. शेजारी असणे आणि कुंपण कोठे असणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत.

पाली सुत्तनिपातातील पारायणवग्गात बावरी नावाचा ब्राह्मण गोदावरीकाठी, अस्सकांच्या प्रदेशात, अळकाच्या म्हणजे मूलकाच्या जवळ राहतो, आणि त्याचे शिष्य प्रतिष्ठान, माहिष्मती, उज्जयिनी या मार्गाने उत्तरेस जातात. येथे अश्मक व मूलक यांचा शेजार आणि एक मार्ग मिळतो. विदर्भाचा संबंध येत नाही. उलट कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात सीमा स्पष्ट शब्दांत येते : यज्ञसेन व माधवसेन यांच्यात विदर्भाची वाटणी होते आणि वरदा म्हणजे वर्धा नदी ही त्यांची मर्यादा ठरते. पुष्कळ लेखकांनी या प्रसंगाचा आधार घेतला आहे. परंतु ही विदर्भाची आतली सीमा आहे, बाहेरची नव्हे. आणि कवी शुंगांनंतर काही शतकांनी लिहीत आहे. वर्धेच्या पश्चिमेचा वाटेकरी आपला मुलूख पश्चिमेस कोठवर मोजत होता, हे कालिदासाला सांगण्याचे कारणच नव्हते.

नागपूर जिल्ह्यातील अडम येथे अमरेंद्र नाथ यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलेल्या उत्खननात ब्राह्मी अक्षरांत ‘असकजनपदस’ असा लेख असलेला मातीचा मुद्रांक मिळाला. जनपदाचे नाव प्रत्यक्ष मातीतून हाती येणे ही विदर्भाच्या पुरातत्त्वातील थोर घटना होय. तिच्यावर लगेच भूगोल रचला जाऊ लागला : असक म्हणजे अश्मक असेल तर अश्मक नागपूरपर्यंत पसरले होते, असक हे असिकचेच रूप मानले तर खारवेलाच्या हाथीगुंफा लेखात कण्हबेणा नदीच्या संदर्भात येणारे असिकनगर हेच. (कण्हबेणा म्हणजे कृष्णा की विदर्भातील कन्हान-वैनगंगा याविषयीही मतभेद आहेतच.) येथे एक साधी गोष्ट विसरली जाते. मुद्रा आणि मुद्रांक या वेगळ्या वस्तू आहेत. मुद्रा जेथे वापरतात तेथे राहते. मुद्रांक म्हणजे तिचा मातीवरील ठसा. तो मालाच्या गाठोड्यावर किंवा पत्रावर बसविला जातो आणि जेथे गाठोडे उघडते तेथे फुटून पडतो. त्यामुळे अडमचा मुद्रांक असकांचे जनपद अडमला होते हे जितके सुचवितो, तितकेच असकांकडून काही अडमला आले हेही सुचवितो. त्यांतील कोणता पर्याय खरा, हे एका ठशावरून ठरणार नाही.

ताम्रपटांचा पुरावा अधिक नेमका, पण त्याची नेमकेपणाची जागा वेगळी आहे. अचलपूरजवळील चम्मक येथील द्वितीय प्रवरसेनाच्या ताम्रपटात दान दिलेले चर्मांक गाव भोजकट राज्यात असल्याचे म्हटले आहे. गावाचे नाव आजही टिकून असल्याने भोजकट राज्याचा निदान एक बिंदू नकाशावर अचूक बसतो. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या वाशीमच्या ताम्रपटाने वत्सगुल्म हे दुसऱ्या वाकाटक शाखेचे ठिकाण निश्चित झाले. त्यातील दान नंदिकड म्हणजे नांदेडच्या उत्तर मार्गावरील गावाचे आहे. सिवनीच्या ताम्रपटात तर दिलेल्या गावाच्या चारी दिशांची चार गावे नावानिशी सांगितली आहेत. आपल्या भाषेत ‘शीव’ हा शब्द आजही जिवंत आहे; शिवार, शिवेवरचा मारुती, शीव ओलांडणे हे सर्व त्यातूनच आले. गावाची शीव त्या काळीही काटेकोर होती, कारण तिच्यावर कर आणि भांडणे अवलंबून असत. राज्याची शीव मात्र एकाही ताम्रपटात चतुःसीमांनी सांगितलेली माझ्या पाहण्यात नाही. ज्यांनी गावाची शीव झाडादगडापर्यंत मोजली त्यांना राज्याची मोजता आली नसती असे नव्हे; राज्य ही वस्तूच त्यांच्या दृष्टीने वेगळ्या प्रकारची होती. ती एका ठाण्यापासून सुरू होई आणि जसजसे दूर जावे तसतशी विरळ होत जाई.

ही भूमिका घेऊन आता बुलढाण्याच्या भूमीकडे पाहू. प्रथम जिल्हा मनातून पुसून टाकला पाहिजे. मलकापूर, चिखली व मेहकर हे तालुके एकत्र करून १८६४ मध्ये हा जिल्हा निराळा करण्यात आला, १८६७ मध्ये बुलढाणा हे मुख्य ठाणे झाले आणि खामगाव व जळगाव तालुके १९०५ मध्ये अकोल्याकडून आले. एवढ्या अलीकडच्या चौकटीला प्राचीन जनपदांचे माप लावणे हास्यास्पद आहे. भूमी पाहिली तर येथे दोन निराळे प्रदेश आहेत, आणि लोक आजही त्यांना ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असेच म्हणतात. अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्यातून पूर्वेकडे जाते. तिच्या उत्तरेस पूर्णेचे सपाट काळे खोरे, त्याचे पाणी तापीला मिळते, पलीकडे सातपुडा. दक्षिणेस चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा यांचे पठार; तेथून पैनगंगा उगम पावून पूर्वेस वर्धेकडे जाते आणि खडकपूर्णा गोदावरीकडे. वऱ्हाडच्या मुसलमानी अमदानीत पयानघाट व बालाघाट असे विभाग याच कड्याने पडले होते, आणि आईन-इ-अकबरीतही मेहकर हे वेगळ्या सरकारचे ठाणे आहे.

येथे सीमेचे दोन प्रकार एकमेकांना काटकोनात छेदतात, आणि आतापर्यंतच्या चर्चेत हा भेद केला गेलेला दिसत नाही. घाटाची कडा ही पूर्वपश्चिम जाणारी नैसर्गिक भिंत आहे. ती घाटाखालच्या मुलखाला घाटावरच्या मुलखापासून वेगळे करते. परंतु विदर्भ व ऋषिक यांच्यातील सीमा, जर ती पूर्णेच्या खोऱ्यात असेल, तर उत्तरदक्षिण असली पाहिजे, आणि तेथे अशी भिंत कोठेच नाही. अकोल्याकडून शेगाव, नांदुरा, मलकापूर करीत भुसावळला जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीतून पाहिल्यास हे ध्यानात येईल. एकही टेकडी आडवी येत नाही. नागपूर-सुरत रस्ताही याच पट्टीने जातो. हे खोरे कुंपण नव्हे, हा रस्ता आहे. विदर्भाचा माल भरुकच्छाकडे जावयाचा तर तो याच मार्गाने जाणार. अशा खोऱ्यात दोन जनपदांचा शेवट एखाद्या ओढ्यावर होत असेल ही कल्पना सोडून द्यावी लागते. तेथे असेल तो दोन्हीकडची भांडी, दोन्हीकडची नाणी आणि दोन्हीकडचे लोक मिसळलेला एक रुंद पट्टा.

घाटावरील स्थिती निराळी. तेथे पश्चिमेस भोकरदन आहे, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. या नगराच्या दात्यांची नावे भारहूत व सांची येथील लेखांत येतात आणि पुराणांतील दाक्षिणात्य लोकांच्या याद्यांत मौलिक व अश्मक यांच्या सोबत भोगवर्धन हेही नाव येते. नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी १९७३-७४ मध्ये तेथे केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन भरभराटीचे नगर उघड झाले. पूर्वेस वाशीम आहे. या दोहोंच्या दरम्यानचे पठार म्हणजेच चिखली-मेहकर. ते मूलकाकडे झुकत होते की विदर्भाकडे, याचा थेट पुरावा नसला तरी अजिंठा येथील दोन लेख एका शतकापुरते या पट्ट्याचे स्वरूप दाखवितात. सतराव्या लेण्यातील लेखात वाकाटक हरिषेणाचा मांडलिक असलेले एक राजघराणे आले आहे आणि त्यातील बंधूंनी अश्मकांवर मिळविलेल्या विजयाचा उल्लेख आहे. मिराशी यांच्या मते हे घराणे ऋषिकांचे. पुढे सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र हा भिक्षू अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ दान देतो. म्हणजे ज्या डोंगरात एकीकडे अश्मकांच्या पराभवाची प्रशस्ती कोरली जाते त्याच डोंगरात, फारसा काळ न लोटता, अश्मकांच्या अमात्याचे पुण्य वाढविले जाते. सीमाप्रदेश याहून वेगळा कसा असतो? त्याच रांगेचा पूर्वेकडील विस्तार बुलढाण्यात येतो.

ठाण्यांच्या शोधातही दृष्टी बदलावी लागेल. ब्रिटनमधील टेकड्यांवरील तटबंद्यांची चित्रे पाहून आपल्याकडेही डोंगरी किल्ल्यांत प्राचीन टोळ्यांची ठाणी शोधण्याची इच्छा होते. नरनाळा, गाविलगड यांसारखे किल्ले ‘गवळी राजांनी’ बांधल्याच्या कथा त्या इच्छेस खतपाणी घालतात. त्या कथांना समाजशास्त्रीय मोल अवश्य आहे, पण आज दिसणारे तट मध्ययुगीन होत. विदर्भात इसवी सनापूर्वीची तटबंदी प्रत्यक्ष जेथे आढळली ती स्थळे मैदानात आणि पाण्याकाठी आहेत. वैनगंगेकाठच्या पवनीस मातीचा तट व खंदक आहे. नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये तेथे उत्खनन केले. अडमलाही तसेच. वर्धेकाठचे कौंडिण्यपूर तर विदर्भाची परंपरागत राजधानीच. म्हणून बुलढाण्यात शोध घ्यावयाचा तो मैलगडच्या माथ्यावर नव्हे, तर पूर्णा, पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या काठच्या पांढरींत.

‘पांढरी’ हा शब्द विद्यार्थ्यांनी शेतकऱ्याकडूनच शिकावा. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यानुपिढ्यांची राख, शेण आणि मातीच्या भिंती यांनी ही जमीन पांढुरकी व उंच होते. हीच पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली जाते, आणि तिच्यासोबत खापरेही जातात. त्यामुळे एखाद्या शेतात काळी-तांबडी खापरे आढळली म्हणजे तेथे वसाहत होती असे नव्हे. गावकऱ्यास विचारावे की ही माती कोठून आणली. हा प्रश्न न विचारता केलेल्या सर्वेक्षणांनी नकाशावर नसलेली गावे वसविली जातील. घाटाखाली व घाटावर दोन्हीकडे अशी पाहणी तालुकावार केली, खापरांचे प्रकार मोजले आणि आहत नाणी व सातवाहनांची नाणी कोठे मिळतात याची नोंद ठेवली, तर मिसळणीचा पट्टा कोठे दाट आणि कोठे विरळ आहे हे दिसू लागेल. वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळे येथे १९३९ मध्ये सापडलेला दीड हजारांहून अधिक सातवाहन नाण्यांचा साठा प्रसिद्धच आहे, परंतु साठा हा एका माणसाने एका दिवशी पुरलेला असतो. सीमेच्या प्रश्नासाठी शेतात सुटे सापडणारे एकेक नाणेच अधिक बोलके.

घाटाखाली या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ज्ञात स्थळ संग्रामपूर तालुक्यातील पूर्णाकाठचे भोन हे होय. डेक्कन कॉलेजच्या वतीने देवतारे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ नंतरच्या दशकात तेथे केलेल्या उत्खननात विटांचा स्तूप व पकवलेल्या मातीच्या कड्यांच्या विहिरी उघड झाल्या. वसाहतीचा मुख्य काळ मौर्य-सातवाहन. विदर्भाच्या पश्चिम टोकाला, ज्या खोऱ्यात सीमेचा पट्टा असावा असे आपण वर म्हटले नेमक्या त्याच खोऱ्यात, हे नगर उभे आहे. ते विदर्भाचे पश्चिमेचे ठाणे होते, ऋषिकांचे पूर्वेचे होते, की कोणाचेच नसून मार्गावर जगणारे बाजाराचे गाव होते? येथील खापरे व नाणी एका बाजूस पवनी-कौंडिण्यपूरच्या आणि दुसऱ्या बाजूस भोकरदन व तापीखोऱ्यातील स्थळांच्या सामग्रीशी प्रमाणात ताडून पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर देता येईल. निदान चुकीची उत्तरे बाद करता येतील.

परंतु भोन हे पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते. धरणाची आवश्यकता येथे वादाचा विषय नाही. खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास गोड्या पाण्याचे मोल कोणीही शिकविण्याची गरज नाही. पुरातत्त्वाच्या दृष्टीने एवढेच की पाण्याखाली जाणारे स्थळ पुन्हा खणता येत नाही, आणि आधी खणलेल्या चरांतून हाती आलेली खापरे सीमेच्या प्रश्नासाठी मोजलेली नसतील तर तो प्रश्न त्यांना नंतरही विचारता येतो, फक्त ती पेट्यांत खूणचिठ्ठीसह जपलेली असली पाहिजेत. पूर्णेच्या दोन्ही काठांवरील, बुडीत रेषेच्या आतील उरलेल्या पांढरींची यादी करणे हे पदव्युत्तर वर्गाच्या एका हिवाळ्याचे काम आहे. त्यासाठी उत्खननाचा परवाना लागत नाही. महसुली नकाशा, गावातील एखादा जाणता माणूस आणि चालण्याची तयारी एवढे पुरते. पेरणीपूर्वी नांगरट झालेल्या शेतांत खापरे उत्तम दिसतात, म्हणून तुरीची कापणी आटोपल्यावर निघावे.